माजी सैनिकांच्या राखीव शिक्षक पदांना बी.एड. आणि टीईटीतून सूट कशासाठी?

खडूफळा

एका निवृत्त सुभेदारसाहेबांचे लिखाण नुकतेच वाचनात आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जिल्हा परिषदांच्या शिक्षक भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतील) आरक्षण असूनही त्या जागा बहुतांशी रिकाम्या राहतात आणि अखेरीस त्याच सामाजिक प्रवर्गातील बिगरसैनिक उमेदवारांना दिल्या जातात. हे थांबवण्यासाठी त्यांनी सुचवलेला उपाय असा, की पंधरा वर्षे सेवा झालेल्या सैनिकाला डी.एड., बी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) या तिन्ही अटींतून मोकळे करावे. ज्याने रंगरूट घडवले त्याला चौथीचा वर्ग जड जाणार नाही, असे ते म्हणतात.

जागा रिकाम्या राहतात, याबद्दल माझा वाद नाही. परंतु चौथीचा वर्ग जड जात नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तो वर्ग बहुधा दाराबाहेरून पाहिलेला असतो. मुलांना रांगेत उभे करणे हे आमच्या कामातील सर्वांत सोपे काम आहे. हातच्याच्या वजाबाकीत एखादे मूल नेमके कोणत्या पायरीवर अडले, घरी वेगळी बोली बोलणारे मूल पहिलीत गप्प का बसते, चाळीस जणांच्या वर्गात वाचू न शकणारी सहा मुले ओळखून त्यांना इतरांदेखत ओशाळे न करता कसे वाचते करायचे, हे कवायतीच्या मैदानावर शिकता येत नाही. ते डी.एड.मध्येही पुरते शिकवले जात नाही, हा भाग वेगळा.

शिवाय राज्य सरकारने मनात आणले तरी ही सूट देता येणार नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ नुसार किमान अर्हता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आहे आणि तिच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने टीईटी बंधनकारक केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये पहिली ते पाचवीसाठी बी.एड.धारकांनाही अपात्र ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले. या नोकरीत केस पांढरे झालेली मी रात्री मुलांच्या वह्या बाजूला सारून बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवत बसते, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी परीक्षाच नको आहे!

निवृत्त नाईक

मॅडम, सुभेदारसाहेबांचे लिखाण मीही वाचले आहे आणि त्यातील अर्धा भाग मलाही पटलेला नाही. परंतु आपण सर्व माजी सैनिकांना कवायतीच्या मैदानावर उभे केलेत, म्हणून लिहितो. मी भरती होण्यापूर्वीच डी.एड. झालो होतो. नोकरीची शाश्वती दिसेना, तेव्हा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात दाखल झालो. सेवा पूर्ण करून आल्यावर २०२१ ची टीईटी दिली आणि १५० पैकी ८६ गुण मिळाले. खुल्या प्रवर्गाला ९० हवेत. सवलतीची ५५ टक्क्यांची मर्यादा सामाजिक प्रवर्गांना आणि दिव्यांगांना होती. त्यात मी बसत नव्हतो. म्हणजे जागा माजी सैनिकाची, माजी सैनिक मी, डी.एड. मी, आणि चार गुणांसाठी अपात्रही मीच. त्यानंतरची टीईटी थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली.

उत्तर प्रदेशच्या टीईटीत माजी सैनिकाला ५५ टक्क्यांची सवलत आहे, राजस्थानात तर ५० टक्क्यांची. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनीच राज्याच्या आरक्षण धोरणानुसार गुणांत सवलत देण्यास मुभा ठेवलेली आहे. महाराष्ट्राला कोणी अडवले आहे?

आणि ज्या परीक्षेचे पावित्र्य आपण सांगता, तिच्या २०१९-२० च्या निकालात पैसे घेऊन नापासांना पास केल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली होती आणि पुढे हजारो उमेदवारांवर कारवाई झाली, हेही लक्षात असू द्यावे.

डी.एड. २०११

नाईकसाहेब, आपल्याविषयी आदर ठेवून विचारतो, की आमची बाजू कोणी मांडायची? आमची पदविका हाती आली आणि मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली. त्यानंतर भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली ती २०१७ मध्ये, पुढची २०२३ मध्ये. निवड यादी लागते तेव्हा माजी सैनिकांच्या जागा बाजूला ठेवलेल्या असतात, उमेदवार मिळाले नाहीत हे सर्वांना ठाऊक असते, तरीही त्या आमच्या प्रवर्गाकडे वळवण्यासाठी निवेदने, उपोषणे आणि न्यायालयाच्या वाऱ्या कराव्या लागतात. तोपर्यंत आमच्यातील काहींचे वय निघून जाते. आपल्याला मात्र वयातून सेवाकाळ वजा होऊन वर तीन वर्षे मिळतात.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत ६,००० रुपये होते, आता १६,००० आहे. त्यात तीन वर्षे काढायची असतात. आपल्याला निवृत्तिवेतनाचा आधार आहे. आमचे घर त्या मानधनावरच चालायचे आहे.

निवृत्त नाईक

निवृत्तिवेतन ही कोणी दिलेली भिक्षा नव्हे. छत्तिसाव्या वर्षी माणूस घरी येतो, मुले शाळेत असतात, घर अर्धवट बांधलेले असते, तेव्हा ते वेतन किती पुरते हे एकदा हिशेब करून पाहावे. आपली बंदी आम्ही घातलेली नाही.

रकाना

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे नियमांपुरते बोलतो. सर्व गोंधळ सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून (सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून) मिळणाऱ्या पदवी-समकक्षतेच्या प्रमाणपत्रातून होतो. त्याचा आधार केंद्राच्या फेब्रुवारी १९८६ च्या आदेशात आहे: दहावी किंवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र आणि पंधरा वर्षांची सेवा असल्यास, गट-क मधील ज्या पदांना केवळ पदवी लागते त्यांना अर्ज करता येतो. परंतु जेथे तांत्रिक किंवा व्यावसायिक अर्हता अत्यावश्यक आहे तेथे हे लागू नाही. राज्याच्या जाहिरातींतही तांत्रिक पदे वगळलेली असतात. अध्यापन पदविका ही व्यावसायिक अर्हता आहे. त्यामुळे ते प्रमाणपत्र घेऊन लिपिक होता येते, शिक्षक होता येत नाही. आणि ते विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्यावर बी.एड.चा प्रवेशही मिळत नाही. हे मी खिडकीत बसून असंख्य जवानांना सांगितले आहे, आणि त्यांपैकी बहुतेक जण माझ्यावरच चिडून गेले आहेत.

जाता जाता एवढेच, की केंद्रात गट-क साठी १० टक्के आहेत, आपल्याकडे १५. महाराष्ट्र कंजूष आहे, असे म्हणता येणार नाही.

दंडकारण्य

१० असोत की १५, आम्हाला शून्य. केंद्रीय राखीव पोलीस दलात उभे आयुष्य घालवले. एप्रिल २०१० मध्ये छत्तीसगडमधील ताडमेटल्याला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात एका सकाळी ७६ जवान गेले. त्या भागात मी पुढे कर्तव्यावर होतो. गृह मंत्रालयाने २०१२ मध्ये आम्हाला माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी असे लांबलचक नाव दिले, परंतु नावाबरोबर राखीव जागा आल्या नाहीत. माझ्याकडे बी.ए. आहे, बी.एड. आहे, टीईटीचा दुसरा (सहावी ते आठवीसाठीचा) पेपर उत्तीर्ण आहे. अर्जात माजी सैनिक आहात काय, या प्रश्नापुढे मला ‘नाही’ असे लिहावे लागते. जागा रिकाम्या ठेवून मग वळवण्यापेक्षा त्या आम्हाला का देऊ नयेत, याचे उत्तर येथे कोणी देईल काय?

रकाना

देतो. केंद्राच्या १९७९ च्या नियमांतील माजी सैनिकाची व्याख्या भूदल, नौदल आणि वायुदलापुरती आहे. त्यातही स्वतःच्या विनंतीवरून निवृत्तिवेतनाआधी बाहेर पडलेला जवान बसत नाही. सेवेमुळे अपंगत्व आलेला बसतो. उद्या अग्निवीर येतील. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ अखेर पूर्ण होऊ लागतील, त्यांना निवृत्तिवेतन नाही, म्हणजे आजच्या व्याख्येत तेही नाहीत. व्याख्या रुंदावली की आत येणारे वाढतात आणि जागा तेवढ्याच राहतात.

दंडकारण्य

जागा रिकाम्या राहतात, अशी तक्रार या चर्चेच्या पहिल्याच परिच्छेदात आहे, आणि आपण म्हणता जागा पुरणार नाहीत! दोन्ही एकाच वेळी खरे कसे?

निवृत्त नाईक

आपल्या बलिदानाबद्दल शंका नाही, परंतु आपली सेवा वयाच्या ६० वर्षांपर्यंत असते. आम्हाला पस्तिशी-चाळिशीत बाहेर काढले जाते आणि आरक्षण त्यासाठी आहे, शौर्याच्या मोजमापासाठी नव्हे.

दंडकारण्य

गुडघा निकामी झाल्यामुळे मी चाळिशीतच बाहेर पडलो आहे. २००४ नंतर भरती झाल्यामुळे जुने निवृत्तिवेतनही नाही. आपण सरासरी सांगता. मी माझा गुडघा सांगतो.

डी.एड. २०११

आता अग्निवीर आणि निमलष्करी दले दोन्ही आत घ्यावीत, म्हणजे आम्ही सुखाने शेती बघू.

खडूफळा

शाळेची कोणाला आठवण आहे काय? व्याख्येत कोण बसतो हा प्रश्न मोठा आहे, मान्य. परंतु दंडकारण्य यांच्याकडे बी.एड. आणि टीईटी दोन्ही आहेत. त्यांना सूट नको, प्रवेश हवा आहे. माझा विरोध सूट मागणाऱ्यांना आहे. व्याख्या बदलून असे लोक शाळेत येणार असतील, तर त्यांच्या अर्जावर मी स्वतः सही करीन, फक्त माझ्या सहीला कोणी विचारत नाही.

पचमढीचा मास्तर

इतका वेळ केवळ वाचत होतो. मी आर्मी एज्युकेशन कोअरचा. एम.ए., बी.एड. होऊन हवालदार एज्युकेशन म्हणून भरती झालो, पचमढीच्या केंद्रात प्रशिक्षण घेतले आणि नंतर जवानांना नकाशावाचन, भाषा आणि शिक्षण प्रमाणपत्राच्या परीक्षांचे विषय शिकवले. मॅडम, सैन्यात शिकवणे म्हणजे केवळ कवायत, हा आपला समज अर्धवट माहितीवर उभा आहे. दहावी कशीबशी पार केलेल्या वीस वर्षांच्या मुलाला, दिवसभराच्या कसरतीनंतर डोळे मिटत असताना, समोच्च रेषा समजावून सांगणे हे आपल्या हातच्याच्या वजाबाकीहून सोपे नाही.

परंतु सुभेदारसाहेबांची मागणी मला त्याहून अधिक झोंबली. सूट मागितली की उद्या माझ्यासारख्याकडेही मुख्याध्यापक त्याच नजरेने पाहणार, की हा पात्रतेशिवाय आलेला आहे. माझा अध्यापनाचा अनुभव भरतीत कोठेच मोजला जात नाही. गुणवत्ता ठरते ती अभियोग्यता चाचणीच्या २०० गुणांवर. त्याविषयी कोणी मागणी करीत नाही. मागायचेच असेल तर शिकण्याची वाट मागावी. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले, ते नियमित उपस्थितीने करायचे, आणि मुक्त विद्यापीठाचे बी.एड. कार्यरत शिक्षकांपुरते आहे. गणवेशातील माणसाने ते कोठून करावे? सेवेच्या अखेरच्या टप्प्यात, निवृत्तीपूर्व पुनर्वसन प्रशिक्षणाच्या काळाला जोडून, अध्यापक महाविद्यालयात रजेवर बसण्याची सोय झाली, तर या जागा बिनसवलतीने भरतील. ही मागणी कोणाला आकर्षक वाटत नाही, कारण तिच्यात अभ्यास करावा लागतो.

डी.एड. २०११

मास्तरांचे म्हणणे पहिल्यांदाच पटण्याजोगे आहे, परंतु त्या सोयीला दहा वर्षे लागतील. तोपर्यंत रिकाम्या जागा पहिल्याच फेरीत प्रवर्गातील उमेदवारांकडे वळवाव्यात, एवढे तरी सर्वांनी मान्य करावे.

निवृत्त नाईक

मान्य नाही. एकदा पहिल्याच फेरीत वळवण्याची सवय लागली की उमेदवार शोधण्याचे कष्ट कोणी घेणार नाही. आधी गुणांची सवलत द्या, जाहिरात आमच्या रेकॉर्ड ऑफिसांपर्यंत आणि सैनिक कल्याण कार्यालयांपर्यंत वेळेवर पोहोचवा, त्यानंतरही जागा उरल्या तर खुशाल वळवा.

खडूफळा

मास्तरांचे समोच्च रेषांचे उदाहरण स्वीकारते, तेवढ्यापुरतेच. त्यांचा विद्यार्थी वीस वर्षांचा आहे आणि चुकला तर त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावता येतात. माझा सहा वर्षांचा आहे.

नाईकसाहेब, परीक्षा तीन वर्षे झाली नाही हे खरे असले तरी मधल्या काळात केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे सीटीईटी, होत होती आणि ती आपल्याकडे चालते. आपण ती दिली होती काय? गुणांच्या सवलतीबाबत मात्र माझा आक्षेप टिकत नाही. सामाजिक प्रवर्गांना ५५ टक्के चालतात आणि त्यातून उत्तम शिक्षक आलेले मी रोज पाहते, तर त्याच गुणांवर माजी सैनिक आल्याने वर्ग बुडेल, असे म्हणण्याइतकी मी हट्टी नाही. उत्तर प्रदेशाकडून शिक्षणाच्या बाबतीत काही शिकावे लागेल, असे मात्र वाटले नव्हते. पदविकेतून सूट? कदापि नाही.

निवृत्त नाईक

सीटीईटी दिली होती. परीक्षा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आले, आणि त्या आठवड्यात वडील रुग्णालयात होते, म्हणून अर्धा पेपर टाकून परतलो. हे कारण कोणत्याही नियमात बसत नाही, हे मला कळते.

पदविकेतून सूट मी कधीच मागितली नव्हती. माझी पदविका ट्रंकेत आहे. आपण ५५ टक्क्यांचा शासन निर्णय तेवढा काढून आणा, ८६ गुण मी आधीच मिळवून ठेवले आहेत.