चाळ की घुंगरू? (आणि पढंतला मराठीत काय म्हणाल?)

शब्दवेल्हाळ:
लहान मुलांसाठी कथ्थकवरचं एक पुस्तक मराठीत करतेय. त्यात शिष्येला पहिल्यांदा घुंगरू मिळतात तो प्रसंग आहे, आधी पूजा होते मग गुरू ते तिच्या हातात देतात. मी लिहिलं "गुरूंनी तिला चाळ दिले". संपादकांनी चाळ खोडलं, वर शेरा, की चाळ तमाशात, शास्त्रीय नृत्यात घुंगरू. आमची आजी सरसकट चाळच म्हणायची, वासुदेवाच्या पायातले असोत नाहीतर नाचणारीच्या. हा फरक खरंच आहे की कोणीतरी मागाहून पाडलाय? आणि पढंतला, म्हणजे नाचाचे बोल तालात तोंडाने म्हणतात त्याला, मराठी शब्द सुचवा प्लीज.

तिस्रजाती:
संपादकांचं बरोबर आहे. मी लहानपणापासून कथ्थक शिकतेय, क्लासमध्ये चाळ हा शब्द एकदाही कानावर आलेला नाही. आमचे घुंगरू सुती दोरीत एकेक करून ओवलेले असतात, प्रत्येकाला गाठ, आणि घोट्यापासून वर घट्ट गुंडाळत न्यायचे, एक वेढा सैल राहिला तरी चक्कर घेताना खाली घसरतात. लहान मुली 25 किंवा 50 पासून सुरू करतात, पुढे एकेका पायात 100 किंवा जास्तच. भरतनाट्यमवाल्यांचे चामड्याच्या नाहीतर मखमली पट्टीवर ओळीने बसवलेले. प्रत्येकाची वस्तू वेगळी, मग शब्द वेगळा का नको?

ढोलकीचा नाद:
अहो ताई, दोरीत ओवलेली घुंगरं म्हणजेच चाळ की! घुंगरू हा एक नग, चाळ म्हणजे अख्खा सर. आमच्या भागात आजही असंच बोलतात. वस्तूचा प्रश्नच नाहीये, प्रश्न आहे "पायात चाळ बांधले" म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं त्याचा. त्याचा अर्थ तमाशात गेली असा झाला, म्हणून पांढरपेशा घरातल्या मुली नाच शिकायला लागल्या तेव्हा हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवला गेला. फडातल्या बायांनी रात्र रात्र नाचून कला टिकवली, आणि त्यांचा शब्द तेवढा विटाळलेला? मला हे मनापासून लागतं.

तिस्रजाती:
विटाळलेला वगैरे मी म्हटलेलं नाही. आमच्याकडे जो शब्द चालतो तो सांगितला.

कावेरीकाठ:
दक्षिणेत हेच झालंय. भरतनाट्यमचं जुनं नाव सादिर, ते देवदासींशी जोडलेलं म्हणून 1930च्या दशकात ते मागे पडून भरतनाट्यम रूढ झालं, 1932 साली मद्रासच्या म्युझिक अकादमीने तसा ठरावच केला. पण कन्नडमधली गंमत बघा, घुंगरांना गेज्जे म्हणतात. गेज्जेपूजे म्हणजे एकेकाळी मुलीला देवदासी करतानाचा विधी, आणि आज बंगळुरातले भरतनाट्यमचे क्लास विद्यार्थिनींच्या पहिल्या घुंगरांच्या पूजेला बिनदिक्कत गेज्जेपूजे म्हणतात, पत्रिकेवर छापतात. शब्द टाकला नाही, त्यालाच मान मिळवून दिला. मग मराठीत चाळपूजा का नको?

नूपुरध्वनी:
कारण ऐकणाऱ्याला आधी गिरगावातली चाळ आठवेल. नूपुर घ्या ना, किती गोड शब्द आहे.

ढोलकीचा नाद:
गोड आहे पण बोलतं कोण? आणि नूपुर म्हणजे पैंजण, दागिना. गणपतीच्या आरतीत नूपुरेही आहेत आणि घागरियाही आहेत, दोन्ही एकच असती तर दोनदा कशाला सांगितली असती?

नूपुरध्वनी:
काव्यात समानार्थी शब्द शेजारी येतातच.

मुळाक्षर:
चाळ हा चळणे, चाळवणे या कुळातला असणार, हलल्यावर वाजतं ते. किंवा तमिळ सलंगै, म्हणजे घुंगरंच! तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, तिकडून शब्द इकडे यायला कितीसा वेळ.

कावेरीकाठ:
सलंगैमधला मधला ङ्ग गेला कुठे मग? नुसत्या आवाजाच्या साम्यावर जाऊ नका. पण तंजावर काढलंत ते फार बरं केलंत. तिथले राजे सरफोजी दुसरे यांनी नृत्यासाठी चक्क मराठीत निरूपणं, म्हणजे नाचातून कथा सांगायच्या रचना, केल्या. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम, सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंत, त्यांनी बसवला असं मानतात. म्हणजे शास्त्रीय नाचाला मराठी परकी कधीच नव्हती. त्या निरूपणांत पायातल्या घुंगरांना कोणता शब्द येतो ते कुणी ताडून बघायला हवं, मला अगदी आतून वाटतं की तिथे काहीतरी सापडेल.

शुद्धमती:
एवढी चर्चा झाली पण कथ्थक कुणालाच खटकलं नाही? कथा सांगतो तो कथक. एकच थ. मुलांच्या पुस्तकात तरी चुकीचं जाऊ नये.

ढोलकीचा नाद:
मराठीत शंभरातले नव्वद लोक कथ्थक म्हणतात, पेपरात तेच छापतात. भाषा तीच.

शुद्धमती:
नव्वद लोक म्हणाले म्हणून धातू बदलत नाही.

तिस्रजाती:
आमच्या गुरू कथकच लिहितात पण बोलताना कथ्थक म्हणतात :) आणि कृपा करून "घुंगरू बांधले" लिहू नका, ते हिंदीचं वळण. मराठीत ते घुंगरू, ती घुंगरं. घुंगरं बांधली.

शुद्धमती:
घुंगरे बांधली. छापील मजकुरात अनुस्वार नको.

ढोलकीचा नाद:
मुलांचं पुस्तक आहे, मोठ्याने वाचलं जाणार, घुंगरंच बरं.