नेटवर्क सिक्युरिटीचा सेमिनार: चाळीस पानांचा रिपोर्ट की स्वतः पाहिलेलं एक पॅकेट?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वायरवरची
तिसऱ्या वर्षाचे सेमिनार रिपोर्ट तपासून कालच संपवले. बावीस रिपोर्ट, प्रत्येकी चाळीस पानं. स्पायरल बाइंडिंग, सर्टिफिकेट, आभार, अनुक्रमणिका सगळं जागच्या जागी. पाच जणांनी हार्टब्लीड, म्हणजे सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर पाडणारा दोष, घेतला होता, आणि पाचही जणांनी लिहिलं होतं की २०१४ मध्ये एसएसएल प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवण्याच्या ठरलेल्या नियमांमध्ये, दोष सापडला.

दोष प्रोटोकॉलमध्ये नव्हताच. तो हे नियम अमलात आणणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) कोडमध्ये होता, १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत. आधीच्या ०.९.८ ला तो शिवलाही नव्हता. समोरचा म्हणतो, मी इतक्या लांबीचा मजकूर पाठवलाय, तोच परत पाठव. सर्व्हर ती लांबी पडताळत नाही आणि शेजारच्या मेमरीत जे असेल ते देऊन टाकतो. एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर येते, हा आकडा एका रिपोर्टात तीनदा होता. व्हायवाला विचारलं, ६४ च का? मुलगा गप्प. लांबी लिहायची जागा १६ बिटांची, त्याहून मोठी संख्या तिथे मावतच नाही, म्हणून. ज्याने वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एकदा तरी ते पॅकेट उघडून पाहिलंय, त्याला हे पाठ करावं लागत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. रिपोर्ट दहा पानांचा करा. त्यात एक तरी गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः चालवून पाहिलेली असलीच पाहिजे. डेमो नाही तर टर्मवर्कला सही नाही.

जुना गाइड
मॅडम, मला हे पटत नाही. ते पाच जण चुकले ते मूळ लेखन न वाचल्यामुळे. डेमोही कॉपी होतो. यूट्यूबवरच्या व्हिडिओतले कमांड जसेच्या तसे टाइप करून स्क्रीनवर हिरवी अक्षरं दाखवणारे मी दरवर्षी बघतो.

आणि या विषयातलं मोठं काम कायम प्रयोगशाळेतच झालंय का? नीडहॅम आणि श्रोडर यांचा, दोघांनी एकमेकांची ओळख पटवण्याचा, पब्लिक कीवर (सगळ्यांना माहीत असलेल्या किल्लीवर) आधारलेला प्रोटोकॉल १९७८ चा. त्यात मधला माणूस शिरू शकतो हे गेव्हिन लोव यांनी १९९५ मध्ये दाखवलं. १७ वर्षं तो दोष सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तो सापडला तो तीन संदेश नीट वाचून, कोण कोणाला काय पाठवतंय याचा विचार करून. दुरुस्तीसुद्धा एवढीच की दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्याचं नाव घाला. तुमच्या नियमाने हा सेमिनार नापास.

मागच्या बाकावरून
विद्यार्थी म्हणून लिहितो. माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. काली (सिक्युरिटीच्या साधनांचं लिनक्स) आणि दुसरं व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) एकत्र सुरू केलं की माउससुद्धा हलत नाही. डेमो सक्तीचा केला तर ज्याचा लॅपटॉप चांगला त्याचा सेमिनार चांगला, असंच होईल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. गेल्या वर्षी आम्हाला सांगितलं होतं की लाइव्ह डेमोला जास्त मार्क. माझ्या रूममेटने होस्टेलच्या वायफायवरच एआरपी स्पूफिंग (खोटा पत्ता सांगून दुसऱ्यांचा ट्रॅफिक आपल्याकडे वळवणं) करून पाहिलं. अख्ख्या मजल्याचं नेट अर्धा तास गेलं. त्याचा लॅपटॉप जमा, घरच्यांना फोन, लेखी माफी. परवानगी कुठे घ्यायची आणि कुठल्या नेटवर्कला हात लावायचा नाही, हे त्याला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. मार्कांचं आमिष दाखवणाऱ्यांनी ही जबाबदारीही घ्यायला हवी होती.

रात्रपाळी
मी एका सिक्युरिटी ऑपरेशन सेंटरमध्ये लॉग (यंत्रांनी केलेल्या नोंदी) बघतो. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना टूल येतं, लिहिता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. त्या ६ तासांत चाळीस पानं कोणी मागत नाही. दीड पान लागतं, आणि त्यात 'हे लॉगमध्ये दिसलं' आणि 'यावरून मला असं वाटतं' ही दोन वाक्यं वेगळी ठेवता यावी लागतात. नव्या माणसाचा पहिला रिपोर्ट हमखास या दोन्हींची खिचडी असते. 'हल्ला अमुक देशातून झाला' असं ठोकून देतात. पाहिलेला असतो फक्त एक आयपी पत्ता, तोही कोणाच्या तरी व्हीपीएनचा (खरा पत्ता लपवणाऱ्या सेवेचा) असू शकतो.

सेमिनारमध्ये एवढं एक शिकवलं तरी आमचं निम्मं काम होईल.

वायरवरची
@मागच्या बाकावरून, तुझ्या मित्राच्या बाबतीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं. चूक शिकवणाऱ्यांची आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं किंवा ते बंद पाडणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर कलम ६६ आणि तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास. हे पहिल्याच तासाला सांगायला हवं. माझ्याकडून पुढच्या वर्षी ते लेखी जाईल.

रॅमचं मात्र अडायला नको. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच मशीनमधले वेगवेगळे नेटवर्कचे कप्पे, असतात. तीन नेमस्पेस काढ, एका ब्रिजला (आभासी स्विचला) जोड. एक साधा संगणक, एक राउटर, एक हल्लेखोर. सगळं एकाच मशीनवर, बाहेर एक पॅकेट जात नाही, ४ जीबीत आरामात चालतं. एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधायची पद्धत, १९८२ चं आहे, उत्तर देणारा खरा कोण हे तपासायची सोयच त्यात नाही. खोटं उत्तर पाठवलंस की समोरच्या टेबलातला पत्ता तुझ्या डोळ्यांदेखत बदलतो.

@जुना गाइड, लोवचं उदाहरण मला मान्य करावंच लागेल. 'चालवून पाहिलेलं' ऐवजी 'चालवून किंवा हाताने मांडून पाहिलेलं' असा नियम करते. पण चाळीस पानांवर मी हटणार नाही. त्यातली वीस पानं ओएसआयचे (नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकी आराखड्याचे) सात थर आणि क्रिप्टोग्राफीचा इतिहास असतात.

जुना गाइड
ती वीस पानं मलाही नकोत. पण पानं कमी केल्याने प्रामाणिकपणा वाढत नाही. दहा पानं चॅटजीपीटी एका मिनिटात देतो. उतरवलेला मजकूर पकडणाऱ्या तपासणीत साम्य १० टक्क्यांच्या खाली आणायला मुलं शब्द बदलणारी साधनं वापरतात, मग वाक्याला अर्थच उरत नाही. आमच्याकडे साठ मुलं आणि तीन गाइड. प्रत्येकाची व्हायवा अर्धा तास घ्यायची तर वेळ कुठून आणायचा? ठरलेली प्रकरणं असली की निदान मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजीत आयुष्यात पहिल्यांदाच लांबलचक लिहिणाऱ्या मुलाला हात धरायला काहीतरी असतं. तो आधार काढून घेण्याआधी त्या मुलाचा विचार करा.

वायरवरची
त्याच मुलाचा विचार करून सांगते. त्याला चाळीस पानं स्वतःच्या इंग्रजीत लिहिणं जमणारच नाही, म्हणून तो उतरवून काढतो. दहा पानं तो स्वतः लिहू शकेल. व्याकरण चुकलं तर मी मार्क कापत नाही. व्हायवा मराठीत द्यायला माझ्याकडे पहिल्यापासून मुभा आहे.

मागच्या बाकावरून
नेमस्पेस आज रात्री करून बघतो. सर, सेमिनारला वायफायवरचा क्रॅक (KRACK) नावाचा हल्ला घेतला तर चालेल? त्यासाठीचं वायफाय कार्ड माझ्याकडे नाही.

जुना गाइड
चालेल. २०१७ चा व्हॅनहोफ आणि पिसेन्स यांचा मूळ निबंध वाच, ब्लॉग नको. डब्ल्यूपीए२ चा, म्हणजे वायफायच्या सुरक्षा मानकाचा, चार संदेशांचा हँडशेक (जोडणी ठरवतानाची देवाणघेवाण) हाताने काढ. तिसरा संदेश पुन्हा आला की फोन तीच किल्ली पुन्हा बसवतो, मग पॅकेटची मोजणी कुठून सुरू होते ते लिही. आणि पहिल्याच पानावर सांग: हार्टब्लीड एका लायब्ररीच्या कोडमधली चूक होती, मग हा दोष कोडचा की मानकाचा? सोमवारी चार वाजता केबिनमध्ये ये, हँडशेकचा कागद घेऊन.