स्पीकिंग टेस्टमध्ये सायकलवर प्रश्न आला की माझं उत्तर घोषणा दिल्यासारखं होतं

नाईट_ड्युटी_परभणी

नमस्कार. मी स्टाफ नर्स, मूळची परभणी जिल्ह्यातली, सध्या छत्रपती संभाजीनगरला आयसीयूत. युकेत नर्स म्हणून काम करायला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची नोंदणी लागते, त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतेय. लेखनात 6.5 चालतात, बाकी सगळ्यात 7 लागतात. मी स्पीकिंगमध्ये अडकते, मागच्या वेळी 6 आले.

क्लासमधल्या सरावात पहिल्या भागात सायकल आली. लहानपणी सायकल होती का, आता चालवता का, तुमच्याकडे लोक सायकल वापरतात का, असे साधेच प्रश्न. मी म्हणाले:

"येस, आय हॅड अ बायसिकल. बायसिकल इज इको-फ्रेंडली अँड गुड फॉर हेल्थ. इट रिड्यूसेस पोल्युशन. एव्हरीबडी शुड युज बायसिकल."

मॅडम म्हणाल्या, हे सहाच्या पुढे जायचं नाही. मग त्यांनी शब्दांची यादी दिली: सस्टेनेबल, सेडेंटरी लाइफस्टाइल, कार्बन फूटप्रिंट. पाठ केली. आता बोलताना शब्द आठवायला थांबते आणि जे सरळ येत होतं तेही अडखळतं. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काय करू?

वॉर्ड_बॉय_नाही

ओईटी द्या की ताई, ती आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीचीच इंग्रजीची परीक्षा. तिथे पेशंटशी बोलायचे दोन रोल-प्ले असतात, सायकलीचं कुणी विचारत नाही. एनएमसीला तीही चालते.

नाईट_ड्युटी_परभणी

माहितीये दादा, पण तिची फी बघितलीत का? आणि आयईएलटीएसचे पैसे भरून झालेत.

जुने_इंग्रजीवाले_सर

ताई, मॅडमचं म्हणणं खरं आहे, पण यादीने काही होणार नाही. तुमचं उत्तर पर्यावरण दिनाच्या प्रभातफेरीसारखं वाटतं. त्यात तुमची सायकल कुठेच नाही.

आधी मराठीत सांगा, इथेच. सायकल कुठून आली, कुठे जायचात, काय बिघडायचं, आता का चालवत नाही? इंग्रजीचं नंतर बघू.

नाईट_ड्युटी_परभणी

सर, आठवीत शाळेतून मिळाली, सरकारच्या मानव विकास योजनेतून. गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची तीन-चार किलोमीटरवर. चालवायला मात्र आधीच शिकले होते, भावाच्या दांडीच्या सायकलवर, हाफ पायडल. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा बसायचा की चाकच फिरायचं नाही, मग काडीने खरवडायचं. एकदा ओढणी चेनमध्ये अडकली ती कापूनच काढावी लागली. आम्ही मैत्रिणी कधी एकामागे एक जायचो नाही, गप्पा मारत शेजारी-शेजारी. ट्रॅक्टरवाले शिव्या द्यायचे. बारावीनंतर नर्सिंगला आले, सायकल धाकटीला गेली. आता हॉस्पिटलसमोरच राहते. आणि खरं सांगू का, जालना रोडवर सायकल घालायची माझी हिंमत नाही.

जुने_इंग्रजीवाले_सर

बघा! एवढं सगळं गाठीला असताना कार्बन फूटप्रिंट कशाला हवा?

पहिला भाग चार ते पाच मिनिटांचा. तेवढ्यात बरेच प्रश्न होतात, म्हणून एका उत्तराला तीन-चार वाक्यं पुरे. परीक्षकाने मध्येच तोडलं तर घाबरू नका, त्याला वेळ पाळायची असते. असं काहीतरी म्हणा:

"येस, आय डिड. आय गॉट वन थ्रू अ गव्हर्न्मेंट स्कीम व्हेन आय वॉज थर्टीन, बिकॉज द हायस्कूल वॉज अ फ्यू किलोमीटर्स अवे. इन द मॉन्सून, मड वुड गेट स्टक अंडर द मडगार्ड, सो वी हॅड टू स्क्रेप इट ऑफ विथ अ स्टिक."

यात एकही भारी शब्द नाही. पण साधा भूतकाळ आहे, सवयीचा 'वुड' आहे, 'बिकॉज' आहे, 'हॅड टू' आहे. 'गेट स्टक', 'स्क्रेप ऑफ' असले शब्द जागेवर पडले की ते 'सस्टेनेबल'पेक्षा जास्त कामाला येतात. गुण चार गोष्टींना सारखे: ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. यादी आठवताना तुमचा ओघ जातो, म्हणजे एका खिशात घालायला जाऊन दुसऱ्यातून सांडतं.

माझं वाक्य पाठ करू नका. पाठांतर परीक्षकाला लगेच कळतं. आज चिखल सांगा, उद्या ओढणी, परवा ट्रॅक्टरवाले.

आपल्या लोकांच्या नेहमीच्या चुका सांगून ठेवतो. सायकल 'ड्राइव्ह' करत नाहीत, 'राइड' करतात. 'आय युज्ड टू गो' म्हणजे आता जात नाही. आपल्याकडे आजच्या रोजच्या कामालाही लोक तेच लावतात. 'आय हॅव लर्न्ट इट इन फिफ्थ स्टँडर्ड' नको. कधी ते सांगितलं की नुसतं 'आय लर्न्ट'. आणि तुम्ही लिहिलंय बरोबर, पण बोलताना 'बायसायकल' होत नाही ना, ते तपासा. मधला भाग 'सि', जोर पहिल्या 'बाय'वर. 'व्हील' म्हणताना दात ओठाला लावू नका, ओठ गोल करा. बाकी मराठी वळणाचे गुण कापत नाहीत, समजलं की झालं. उगाच गोऱ्यासारखं बोलायला जाऊ नका, ऐकवत नाही.

पेठेतला_सायकलस्वार

सर, पहिल्या भागाचं पटलं. पण तिसऱ्या भागात आठवणींवर भागत नाही. तिथे सरकारने काय करावं, शहरात लोक सायकल का सोडतात, असले प्रश्न येऊ शकतात. ताईंनी तिथे पुण्याचं उदाहरण द्यावं. एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे, मग दुचाक्या आल्या. 2017-18 मध्ये ॲपवरच्या भाड्याच्या सायकली मोठ्या थाटात आल्या आणि टिकल्या नाहीत. सायकल ट्रॅक आहेत, त्यावर गाड्या लावलेल्या असतात. यावर मी स्वतः अर्धा तास बोलू शकतो, पण ते जाऊ दे.

जुने_इंग्रजीवाले_सर

पुणं चालेल, पण ते तुमचं आहे. ताईंचं त्यांच्याकडेच आहे. सायकलीमुळे मुलींची शाळा सुटली नाही, हा तिसऱ्या भागाचा पक्का मुद्दा. बिहारमध्ये 2006 मध्ये नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली, ते जोडलं की मुद्दा गावाबाहेर जातो. ताई, 'आता चालवता का' याचं उत्तर लिहा बघू.

नाईट_ड्युटी_परभणी

रात्री एक वाजता लिहितेय, सांभाळून घ्या.

"नो, नॉट एनी मोअर. आय लिव्ह जस्ट अक्रॉस द रोड फ्रॉम द हॉस्पिटल, सो देअर्स नो नीड. अँड ऑनेस्टली, आय ॲम स्केअर्ड ऑफ द ट्रॅफिक. इफ आय विल गो टू इंग्लंड, आय विल बाय वन."

जुने_इंग्रजीवाले_सर

'इफ'च्या मागचा पहिला 'विल' काढा: 'इफ आय गो टू इंग्लंड, आय विल बाय वन.' आपण 'गेले तर घेईन' म्हणतो, 'जाईन तर' नाही. इंग्रजीतही तसंच ठेवा. 'ऑनेस्टली' छान आलंय, त्याला हात लावू नका.

आता पुढचा प्रश्न. सायकलवाल्यांना हेल्मेटची सक्ती असावी का? लिहू नका, मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐका, आणि कुठे थांबलात ते इथे सांगा. ड्युटी संपल्यावर.