आतला ब्रेक पॅड बघितलात का?

ब्रेक लावताना चीं-चीं आवाज येतो, पण पॅड अजून जाड दिसतात, असं एकाने विचारलंय. प्रत्येक चाकात डिस्कला (चकतीला) दोन बाजूंनी दाबणारे दोन पॅड असतात. चाकातून दिसतो तो बाहेरचा पॅड. आमच्या गाडीचा बाहेरचा चांगला ६ मिलिमीटर होता, आतला जेमतेम २! कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनेवर सरकतो, ती गंजून जाम झाली होती. पावसाळाभर घोडबंदर रोडच्या चिखलपाण्यातून रोज जा-ये, दुसरं काय होणार? पॅड ३ मिलिमीटरवर आले की बदलाच, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा, समोर उभं राहून. आणि कृपा करून, नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. पॅड बसवताना त्यांना दाबणारा पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.