व्यसनमुक्तीचा उपचार: कुठं गेलात, किती लागले, पैसे कुठून आणलेत? कोल्हापूरकरांनो, लिहा

माझ्या नवऱ्याची दारू सुटून येत्या दसऱ्याला चार वर्षं होतील. त्याआधी आम्ही दिसेल त्याला विचारत फिरलो, "चांगलं सेंटर कुठं आहे हो?" पैशाचं मात्र कुणी मोकळेपणानं बोलत नव्हतं आणि आम्हीही विचारायला लाजत होतो. त्या लाजेत माझ्या पाटल्या गेल्या.

हे शिरोलीत फौंड्रीत मोल्डर. 2018 साली कुणीतरी गावाबाहेरच्या एका सेंटरचं नाव सांगितलं. महिना 12 हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. पतसंस्थेत सोनं तारण ठेवून 36 हजार भरले. तीन महिन्यांत तिथं डॉक्टर कधी आलाच नाही, हे मला नंतर कळलं. घरी आल्यावर अकराव्या दिवशी हे पिऊन आले. दारू चालू आणि व्याजही चालू, अशी पुढची दोन वर्षं काढली. पाटल्या सुटल्याच नाहीत.

मग शेजारच्या वहिनी मला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, घेऊन गेल्या. पहिल्या खेपेला यांना न घेताच. चार दिवसांनी यांना आणलं. मनोविकार विभागातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा घोट कधी घेतला?" मग दोन्ही हात पुढं करायला लावले, बोटं पसरवली आणि वर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरायला लागला, कडा वाजायला लागल्या. यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं मी ओरडून जे सांगत होते, ते त्या कागदानं सांगितलं. त्याच दिवशी भरती केलं, नऊ दिवस ठेवलं. केसपेपर, बाहेरून आणलेली काही औषधं, माझा चहा-जेवण, रिक्षा सगळं धरून पाच हजारांच्या आत भागलं. जास्त फटका बसला तो खाड्यांचा.

म्हणून हा धागा. कुठं गेलात, एकूण किती लागले, पैसे कुठून आणले, आणि पुन्हा करायची वेळ आली तर काय करणार नाही, एवढं लिहा. तक्रार असेल तर सेंटरचं, डॉक्टरचं नाव टाकू नका. कुणाचा फोन नंबरही नको.

इचलकरंजी, माग कामगार

मी स्वतः पिणारा. बायकोनं लिहायला सांगितलं म्हणून नाही, मला लिहायचं होतं.

रात्रपाळीला मागावर असायचो. शेवटी शेवटी सकाळी कांडी बदलताना सूत ओवता यायचं नाही, एवढे हात थरथरायचे. पाळी सुटली की आधी एक क्वार्टर, मग कुठं हात स्थिर. गणपतीत शपथ घेतली आणि एका दिवसात पूर्ण बंद केली. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोरीत फिट आली. जीभ चावली, डोकं नळाच्या तोटीवर आपटलं. आईला वाटलं बाहेरचं झालं, तिनं लिंबू उतरवलं. शेजारच्या पोरानं रिक्षा आणली म्हणून वाचलो.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढं तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि तेव्हा जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे दिवस औषधाखाली काढायचे. ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, थरथर आणि फिट रोखायच्या गोळ्या देतात आणि त्या हळूहळू कमी करत आणतात. माझ्या घरच्यांना हे ठाऊक असतं तर शपथेआधी डॉक्टर गाठला असता.

दवाखान्याचे नऊ हजार मालकानं उचल दिली, पगारातून कापून घेतली. त्यानंतर आजपर्यंत दारू सोडण्यावर मी रुपया खर्च केलेला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला जातो. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगायचं नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं दहा-वीस टाकायचे, नाही टाकले तरी कुणी बघत नाही. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही हा त्यांचा नियमच आहे. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलेलं काम हे. आमच्या सभेत मागवाला आहे, वकील आहे, एक निवृत्त फौजदार आहेत. पहिल्या दिवशी मी दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलो होतो. तिसऱ्या वेळी आतून एकजण बाहेर आला आणि म्हणाला, "चहा झालाय, या की."

कागल तालुका, मुलगा लिहितोय

आमच्या घरी आजार वडिलांचा. पोटात कळ आली म्हणून शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं, स्वादुपिंडाला सूज निघाली. सात दिवसांचं बिल एक लाख चाळीस हजार. आरोग्य विमा होता, पाच वर्षं हप्ता एकदाही चुकवलेला नाही. मी निर्धास्त होतो. आणि क्लेम नामंजूर झाला.

कारण डिस्चार्जच्या कागदावर दारूच्या व्यसनाचा उल्लेख. पॉलिसी काढून बसलो तेव्हा कळलं की अपवादांच्या यादीत छापलेलंच आहे: दारू, अंमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम यांना संरक्षण नाही. हा सगळीकडे सारख्याच शब्दांत येणारा ठरावीक अपवाद आहे, कोड 12. "त्याचे परिणाम" हे दोन शब्द आम्हाला एक लाख चाळीस हजारांना पडले. मला राग याचा की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अंमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच धरल्या आहेत, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. कायदा एका बाजूला, पॉलिसीचं पान दुसऱ्या बाजूला, मधे आमचं उसाचं बिल. पहिली उचल आली ती सगळी दवाखान्यात गेली.

त्यानंतर वडिलांना पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं 1986 साली सुरू केलेलं. तिथला मुक्काम 35 दिवसांचा. माझ्या मनात होतं की वडिलांना सोडायचं आणि परत यायचं. तसं नाही. घरच्या माणसानंही बसायचं, ऐकायचं. आईला सहचरींच्या गटात बसवलं. तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं की ती पंधरा वर्षं रात्री दाराची कडी वाजायची वाट बघत जागी राहायची.

जे हिशोबात धरलं नव्हतं ते सांगतो. नंतरच्या फेऱ्या. कोयना एक्सप्रेसनं पुणे, रिक्षा, जेवण, एक दिवस बुडाला, असं दोन माणसांचं महिन्याला दीड हजार. वर्षभर. आम्ही दुधाच्या बिलातून ते बाजूला काढायचो. ज्यांना पुणं झेपत नाही त्यांना साताऱ्याचं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र जवळ पडतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं.

वडील दोन वर्षांत एकदाच घसरले, भाच्याच्या लग्नात. तेव्हाही आम्ही त्यांना घेऊन परत गेलो. मी मनात म्हणत होतो, सगळे पैसे पाण्यात गेले. समुपदेशक म्हणाले, "साखर वाढली म्हणून मधुमेहवाल्याला दवाखान्यातून हाकलतात का?"

मंगळवार पेठ, आई

मी मोठी चूक केली आहे, ती लिहिते. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात वाचून पावडर मागवली. साडेतीन हजार. ती मी आमटीत घालायचे. आठव्या दिवशी मुलगा बाहेर पिऊन आला आणि अर्ध्या तासात त्याचं तोंड लालभडक झालं, उलट्या, छाती धडधडायला लागली, रक्तदाब उतरला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय दिलंय खरं सांगा." मी पाकीट दाखवलं. त्यावर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं.

त्यांनी सांगितलं की डायसल्फिरम नावाचं औषध असतं, त्यावर दारू घेतली की असंच होतं. ते डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून. चोरून कधीच नाही. मुलगा वाचला. पण पुढं सहा महिने तो माझ्या हातचं जेवला नाही. ताटाकडं बघायचा आणि उठून जायचा.

शाहूपुरी, बहीण

भावाला आम्ही "उचलून" नेलं. हा शब्द तिथं सगळे सहज वापरतात. फोन केला की गाडी येते, चार माणसं येतात, झोपेतनं उठवून घेऊन जातात. त्या उचलण्याचे वेगळे चार हजार. बाबांनी भिशीचे पैसे दिले. दीड महिना फोन नाही, भेट नाही. "भेटलात की तो नाटक करतो" असं सांगायचे. मी हट्टानं गेले तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते आणि तो माझ्याशी बोलताना दाराकडं बघत होता. त्याच दिवशी आणला. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

बाबांनी ज्या कळवळ्यानं पैसे दिले तो खोटा नव्हता. आम्हाला माहिती नव्हती. आता आहे, म्हणून लिहिते. मानसिक उपचार देणाऱ्या संस्थेची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी लागते, ती दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. माणसाच्या मर्जीशिवाय दाखल करायचं तर त्याची रीत वर आलेल्या 2017 च्या कायद्यात आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीनं नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत एका वेळी 30 दिवसांपर्यंत. आत असलेल्या माणसाला घरच्यांना भेटायचा, फोनवर बोलायचा हक्क आहे. पैसे भरायच्या आधी मी आता हे विचारते: डॉक्टर कोण आणि कुठल्या वारी येतात? रात्री फिट आली तर कुठं नेता? मी कधी भेटू शकते? भेटीच्या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडं भावाला ठेवायचं नाही.

भाऊ आता बरा आहे. माझ्याशी बोलतो. बाबांशी अजून नाही.

निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

सगळं वाचून राहवलं नाही. बाळांनो, क्रम उलटा होतोय तुमचा. आधी कर्ज, मग सेंटर, मग डॉक्टर. आधी डॉक्टर करा. सरकारी दवाखान्यातला केसपेपर काढायला सोनं तारण ठेवावं लागत नाही. बहुतेकांना आधी दहा-पंधरा दिवसांचं औषध आणि देखरेख लागते, पुढचं निवासी सेंटर लागतं का हे तिथं ठरतं. प्रत्येकाला लागत नाही.

फोनसाठी: 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक. केंद्राच्या अनुदानावर चालणारी जवळची व्यसनमुक्ती केंद्रं कुठली, हे तिथं विचारा. 14416 हा टेलिमानस, मन खचलं असेल तर, रात्रीसुद्धा, आणि मराठीत बोलता येतं. तंबाखूसाठी 1800-112-356. गांजा-गोळ्यांच्या पोरांचे आईबाप पोलिसांच्या भीतीनं लपवतात. स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनीला अंमली पदार्थ कायद्याच्या कलम 64-अ मध्ये संरक्षण आहे, ते उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर. ते वकिलाला विचारून घ्या, पण पोराला घरात कोंडू नका.

देशभरात 2019 साली जो सरकारी अहवाल आला त्यात होतं, दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. वॉर्डात मला तो एक दिसायचा. बाकीचे 37 मला बावड्याच्या रस्त्यावर दिसायचे.

शिक्षिका, गाव लिहीत नाही

इथं सगळे नवरे, भाऊ, मुलगे आहेत. मी बाई आहे आणि मी पीत होते. आधी झोपेच्या गोळ्या, मग त्यावर वाइन, मग जे मिळेल ते. दिरासाठी सासऱ्यांनी एकरभर जमीन गहाण टाकली होती. माझ्या वेळी म्हणाले, "माहेरी पाठवा." जिथं विचारलं तिथं बायकांसाठी खाटच नव्हती. शेवटी मुक्तांगणचा स्त्रियांचा विभाग आहे असं कळलं, निशिगंध. पैसे माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढले. शाळेत मणक्याचं ऑपरेशन सांगितलं. परत आल्यावर सहकारी बायका पाठ सांभाळा म्हणून माझं दप्तर उचलायच्या, आणि मला रडू यायचं.

इतकंच लिहिते.

राधानगरीकडची एकजण

ताई, सगळं वाचलं. नवरा यायला तयार नाही. मी एकटी आले तर बघतात का? माझ्याकडं आठशे रुपये आहेत.

धागा काढणारी

बघतात. मीपण पहिल्यांदा यांना न घेताच गेले होते, वर लिहिलंय बघा. आठशे लागणार नाहीत. सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा, रंकाळा स्टँडला उतरा, तिथून सीपीआर. आधार कार्ड घ्या, आणि ते काय पितात, किती, कधीपासून, हे कागदावर लिहून आणा. मी केसपेपरच्या खिडकीपाशी हिरवी छत्री घेऊन उभी असते.

राधानगरीकडची एकजण

येते. त्यांना सांगून येऊ का न सांगता?

धागा काढणारी

सांगून या. "माझ्यासाठी जाते" म्हणा. पहिला केसपेपर आपण तुमच्याच नावानं काढू.