धूर नव्हे, वायू
लाकडावर गाडी चालवायची तर ‘लाकडाचा धूर थेट इंजिनात सोडला की झालं’ असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. त्या धुरात डांबर असतं. तसाच आत गेला तर व्हॉल्व्ह चिकटून बसतील. खरी करामत लाकडापासून वायू बनवणाऱ्या भट्टीच्या (गॅसिफायरच्या) अरुंद गळ्यात आहे. तिथल्या धगधगत्या कोळशांमधून धूर खाली ओढला जातो, बहुतेक डांबर फुटतं आणि जळण्याजोगे कार्बन मोनॉक्साइड नि हायड्रोजन मिळतात. संशोधक जॉर्ज इम्बर्ट यांनी १९२०च्या दशकात गाड्यांसाठी हीच रचना केली होती.

पण या वायूत जवळपास निम्मा नायट्रोजन, हवेतून आलेला फुकट्या प्रवासी! म्हणून गाडीची ताकद निदान एक तृतीयांश तरी घटते, चढावर तर चांगलीच जाणवते. लिटरभर पेट्रोलच्या जागी अडीच-तीन किलो लाकूड धरा, तेही खडखडीत वाळलेलं. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की भट्टी थंडावते आणि डांबर पुन्हा हजर. भुसा नको, ठोकळे हवेत.

आणि हो, बंद गॅरेजात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि इंजिन बंद केल्यावरही भट्टी बराच वेळ वायू सोडत राहते.