छोट्या संग्रहालयातल्या नकाशासाठी स्वस्तातला कंट्रोलर: आर्डुइनो, रास्पबेरी पाय की पीएलसी?

सागरवाट:
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाने वरची एक मोठी खोली संग्रहालयासाठी दिलीय. जुनी नाणी, भांडी, होडीची अवजारं असं बरंच काही लोकांनी आपणहून आणून दिलंय. मधोमध कोकण किनाऱ्याचा उठावाचा नकाशा करतोय, खाली प्लाय आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिस, लांबी साधारण ८ फूट. त्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे ८ किल्ले: खांदेरी, कुलाबा, पद्मदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग, रत्नदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. समोर ८ बटणं. बटण दाबलं की त्या किल्ल्याचा दिवा लागायला हवा आणि मिनिटभर मराठीत माहिती ऐकू यायला हवी, बस एवढंच.

एका एजन्सीला विचारलं तर त्यांनी टचस्क्रीन, कॉम्प्युटर, वर्षाचा मेंटेनन्स वगैरे मिळून असा आकडा सांगितला की आमच्या कमिटीने विषयच बंद केला. इलेक्ट्रॉनिक्सला आमच्याकडे फार तर १५ हजार आहेत. पावसाळ्यात लाईट कधीही जाते कधीही येते, आणि रोज खोली उघडणाऱ्या काकूंना मेन स्विच चालू-बंद करण्यापलीकडे काही करायला लागू नये. गावातला एक मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, सोल्डरिंग चांगलं करतो. कुठला बोर्ड घ्यावा?

सोल्डरवाला:
तुमचं काम १५ हजारात आरामात बसतं, त्यातले बरेचसे उरतील. आर्डुइनो (बटणं वाचून दिवे लावणारा, प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) आणि डीएफप्लेअर मिनी नावाचं एमपीथ्री मॉड्यूल, दोन्ही पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतं, ऑनलाइनही मिळतं. डीएफप्लेअर नखाएवढं आहे, त्यातच मायक्रोएसडी कार्डचा स्लॉट आहे (३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालतं, फॅट३२ फॉरमॅट) आणि ३ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पण आत आहे, म्हणजे छोटा स्पीकर थेट जोडायचा. एका खोलीला तेवढा आवाज पुरतो.

आता पिनांचा हिशोब करा. ८ बटणं, ८ दिवे, प्लेअरला हुकूम द्यायला १ वायर आणि प्लेअर वाजतोय की थांबलाय ते कळायला त्याची बिझी नावाची पिन, म्हणजे झाल्या १८. उनोवर (आर्डुइनोचा साधा बोर्ड) ० आणि १ या पिना यूएसबीला लागतात त्या सोडल्या तर २ ते १३ या १२ आणि अ‍ॅनालॉगच्या ६ डिजिटलसारख्या वापरल्या की बरोबर १८च होतात. बसतं, पण उद्या कोणी म्हणालं इंग्रजीसाठी अजून एक बटण टाका की संपलं. त्यामुळे मी म्हणेन मेगा (आर्डुइनोचाच मोठा बोर्ड) घ्या, ५४ डिजिटल पिना आहेत, प्लेअरला हुकूम पाठवायला सीरियल पोर्ट वेगळे मिळतात, क्लोन बोर्ड घेतलं तरी बजेटला धक्का लागत नाही.

दोन गोष्टी डीएफप्लेअरच्या. मेगाच्या टीएक्स (पाठवणाऱ्या) पिनपासून प्लेअरच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) जाणाऱ्या वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाका नाहीतर स्पीकरमधून सतत गुणगुण येते. आणि फाइल्स कार्डावर एमपी३ नावाच्या फोल्डरमध्ये ०००१, ०००२ अशा इंग्रजी आकड्यांच्या नावाने ठेवा आणि कोडमध्ये त्या फोल्डरवालीच कमांड वापरा, कारण साध्या प्ले कमांडला नावाशी देणंघेणं नसतं, कार्डावर फाइल्स ज्या क्रमाने कॉपी झाल्या तो क्रम तो धरतो. मग सिंधुदुर्ग दाबला की खांदेरीची माहिती येते आणि माणूस वायरिंग तपासत बसतो.

पेंग्विन_पंत:
मी थोडं वेगळं सांगतो. रास्पबेरी पाय (एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर) घेतला तर पुढे व्हिडिओ दाखवता येईल, फोटो दाखवता येतील, एकाच बोर्डवर सगळं. पाय सुरू झाला की प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो, काकूंना काही करायला नको. लाईट अचानक गेली की एसडी कार्ड करप्ट होतं ही तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय आहे, रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगमध्ये) ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की कार्डावर काही लिहिलंच जात नाही. किल्ल्यांचे ड्रोन व्हिडिओ दाखवायचे असतील तर आत्ताच विचार करा.

दुरुस्तीकाका:
विज्ञानाची प्रदर्शनं चालती ठेवण्याचं काम मी बरीच वर्षं केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. बोर्ड कुठला यावर सगळे भांडतात पण बोर्ड क्वचित जातं. जातं ते बटण, वायर, पॉवर सप्लाय आणि स्पीकर. पैसे तिथे घाला.

बटण: पाचवीतला मुलगा बटण दाबत नाही, ठोसा मारतो, आणि ते योग्यच आहे, त्यासाठीच तर ते ठेवलंय. गेमिंग पार्लरमध्ये असतात ती आर्केड बटणं घ्या, आतला मायक्रोस्विच वेगळा निघतो, बिघडला तर तेवढाच बदलायचा. किंवा कंट्रोल पॅनेलवर असतात ती २२ एमएमची इंडस्ट्रियल पुश बटणं, ती तर कुठल्याही तालुक्याच्या इलेक्ट्रिकल दुकानात मिळतात. माझं मत इंडस्ट्रियलला, कारण तुमच्या आयटीआयवाल्या मुलाला ती ओळखीची आहेत.

वायर: हे नीट वाचा. सगळे ट्यूटोरियल सांगतात की बटणाला आर्डुइनोच्या आतला पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) वापरा, बाहेरून रेझिस्टर लागत नाही. टेबलावर ते चालतं. तो पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे अगदी दुबळा. तुमची वायर ८ फुटी नकाशाखालून फिरून जाणार, शेजारून ट्यूबलाईटची लाईन गेलेली असणार, मग कोणी पंख्याचा खटका दाबला की विजयदुर्ग आपोआप बोलायला लागतो. गावात लगेच चर्चा. त्यामुळे प्रत्येक बटणाला ५ व्होल्टकडे १ किलोओहमचा बाहेरचा पुलअप लावा, बोर्डाजवळ पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि कोडमध्ये पिन सलग ५० मिलिसेकंद खाली (शून्य व्होल्टवर) राहिली तरच बटण दाबलं असं धरा. २३० व्होल्टची वायर आणि बटणाची वायर एका पट्टीतून नेऊ नका, क्रॉस करायचीच असेल तर काटकोनात.

या १ किलोओहमचा तुम्हाला अजून एक फायदा आहे. तुम्ही समुद्राजवळ आहात, खाऱ्या हवेने स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. आतल्या पुलअपने कॉन्टॅक्टमधून पाव मिलिअँपसुद्धा करंट जात नाही, एवढ्याने काळपट थर तुटत नाही आणि बटण कधी लागतं कधी नाही असं होतं. १ किलोओहमने ५ मिलिअँप जातो, मग बटण जास्त दिवस साथ देतं. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर (सोल्डर न करता नुसत्या खोचायच्या जोडण्या) तर कायमच्या कामात अजिबात नको, तिकडच्या हवेत एका पावसाळ्यात सैल होतात. सोल्डर करा, स्क्रू टर्मिनल वापरा आणि सगळं झाकणाच्या प्लास्टिक डब्यात बंद करा, वायर जिथून आत जाते तिथे ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) लावा म्हणजे मुंग्या आणि पाली आत जाणार नाहीत.

पायबद्दल: पंतांचं म्हणणं चूक नाही, पण या कामाला पाय नको. आठ बटणांसाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळायची, आणि बिघडली तर गावात बघणारं कोण? व्हिडिओ करायचाच असेल तर तो वेगळा एक्झिबिट करा. एका बोर्डवर सगळी खोली टांगली की एक गोष्ट बिघडली की सगळी खोली बंद. प्रत्येक वस्तूचा मेंदू वेगळा ठेवा, स्वस्त ठेवा, आणि तसाच दुसरा तयार करून कपाटात ठेवा. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) मजबूत असतो पण २४ व्होल्टवर चालतो, महाग पडतो आणि आवाजासाठी मॉड्यूल वेगळं लागतंच, त्यामुळे सोडून द्या.

सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम १९६९ ला फ्रँक ओपनहायमर यांनी सुरू केलं, तिथे वर्कशॉप लोकांना दिसेल असं ठेवलंय. तुमच्याकडेही डबा काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाचा करा, मुलांना आत काय आहे ते दिसू दे. त्यातलं एखादं उद्या हेच काम करेल.

सागरवाट:
किती मनापासून लिहिलंत काका, प्रिंट काढून कमिटीच्या मीटिंगला नेतोय. मेगा पक्का. दोन प्रश्न आहेत. एक, एक माहिती चालू असताना दुसऱ्या मुलाने दुसरं बटण दाबलं तर काय व्हावं? शाळेची सहल आली की चाळीस मुलं एकदम येतात. दोन, जंजिरा आणि पद्मदुर्ग नकाशावर इतके जवळ आहेत की एकाचा दिवा लावला की दुसरापण उजळतोय.

दुरुस्तीकाका:
दुसरं बटण दाबलं की लगेच दुसरा किल्ला सुरू व्हावा. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही तर मूल समजतं हे बंद आहे, आणि मग जोरात मारतं. पण तेच बटण परत दाबलं तर मात्र दुर्लक्ष करा, नाहीतर पहिलंच वाक्य वीस वेळा ऐकू येतं. चाळीस मुलं असतील तर सुरू झाल्यावर पहिले ५ सेकंद कुठलंच बटण घेऊ नका, पण तेवढ्या वेळात दिवा ब्लिंक करत ठेवा म्हणजे कळतं की यंत्र जागं आहे. माहिती मिनिटभराची नको, ३० ते ४० सेकंद बास. उभं राहून कोणी जास्त ऐकत नाही, सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं एवढं आणि एखादी लक्षात राहील अशी गोष्ट.

दिव्यांचं: प्रत्येक एलईडीवर काळी हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा, तोंड फक्त वर उघडं, आणि नकाशाच्या मागच्या बाजूला भोकाभोवती काळा रंग लावा. प्लास्टर पातळ असेल तर प्रकाश त्यातूनच पसरतो. ५ एमएमचा पांढरा एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर, थेट मेगाच्या पिनवर चालतो. पुढे कधी एलईडी स्ट्रिप लावायची झाली तर मात्र पिनवर नाही, १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय आणि मध्ये लॉजिक लेव्हलचा मॉसफेट (पिनच्या ५ व्होल्टने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर).

शाळाबाई:
मी तांत्रिक नाही, पण मुलांना संग्रहालयात नेत असते त्यामुळे सांगते. बटणांची पट्टी खाली ठेवा, साधारण ८० सेंमीवर, म्हणजे पहिलीतल्या मुलालाही पोचते आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाही. बटणाखाली नुसता नंबर नको, किल्ल्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि शेजारी ब्रेलमध्ये. आमच्या शाळेत एक अंध मुलगी आहे, तिला उठावाचा नकाशा हाताने बघता आला तर तिच्यासाठी ते केवढं मोठं असेल. म्हणून नकाशावर काच लावू नका हो, हात लावू द्या. रंग धुता येणारा द्या म्हणजे झालं.

सागरवाट:
बाई, काचेचं कालच ठरत होतं, आता रद्द करायला सांगतो. ब्रेलच्या पट्ट्या कुठे बनवून मिळतात तेपण कोणी सांगा प्लीज.

सोल्डरवाला:
ब्रेलसाठी तुमच्या जवळच्या अंधशाळेत विचारा, त्यांच्याकडे लिहायची पाटी असते, जाड प्लास्टिकवर नाव काढून देतील, आणि लावायच्या आधी त्यांच्याच विद्यार्थ्याकडून वाचून घ्या. पॉवर सप्लाय ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा घ्या, डीएफप्लेअरच्या पॉवरवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका म्हणजे आवाज वाढला की बोर्ड रीसेट होणार नाही. लाईट गेली आली तरी मेगा दोन-तीन सेकंदात परत तयार असतो, बंद करायची काही पद्धत नाही, काकूंनी मेन स्विच पाडला की झालं. कोड मी लिहून देतो, पैसे वगैरे नको. कुठलं बटण कुठल्या पिनवर आणि कुठला दिवा कुठल्या पिनवर ते ठरवून इथे टाका, आणि मेगा दोन मागवा.